वाशिष्ठी : घाटापासून दाभोळच्या तोंडापर्यंत, आपापला टप्पा लिहा

पेठमापकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं हा धागा काढायचं, परवा निमित्त झालं. घरातली मागची खोली रंगवायला काढली आणि रंगारी विचारतो, "काका, ह्या रेघा पण घासू काय?" भिंतीवर दोन रेघा आहेत आमच्याकडे. खालची २००५ ची, माझ्या छातीला लागते. वरची २०२१ ची, तिला हात लावायला मला स्टुलावर चढावं लागतं. दोन्ही चिखलाच्या, पाणी उतरल्यावर आपोआप राहिलेल्या, शेजारी आईने खिळ्याने तारखा कोरल्यात, २६ जुलै आणि २२ जुलै. मी म्हटलं बाबा रे तेवढी पट्टी सोडून रंगव.

पुतण्या पुण्याहून आला होता, तो चिपळूणच्या बाजारपुलावर उभा राहून म्हणाला काका नदी तर एवढीशी आहे, एवढं पाणी आलं कुठून? मी त्याला उत्तर द्यायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मला फक्त पेठमाप ते गोवळकोट एवढीच नदी माहिती आहे. वर काय आहे ते ऐकून, खाली काय आहे ते एकदा-दोनदा बघून. आणि गावात ज्याला विचारावं त्याचं हेच. बाजारपेठेतल्या माणसाला शिवनदी माहिती, खेर्डीवाल्याला त्याच्या मागचा डोह माहिती, दाभोळकराला खाडी माहिती. अख्खी नदी कुणालाच माहिती नाही. आणि पूर आला की आपण फक्त बाजारात किती फूट पाणी आलं एवढंच बोलतो.

मला जेवढं माहिती आहे ते लिहितो, पुढे तुम्ही भर घाला.

आपल्याकडे तीन पाणी एकत्र येतात. एक पावसाचं. सह्याद्रीच्या माथ्यापासून दाभोळच्या तोंडापर्यंत सरळ मोजलं तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर सुद्धा जेमतेम भरतं, आणि तेवढ्यात पाणी हजारभर मीटर खाली उतरतं, त्यातली बहुतेक उतरण पहिल्या काही किलोमीटरातच. म्हणजे घाटात रात्री कोसळला की सकाळी चिपळुणात. देशावरच्या नद्यांना दिवस मिळतात, आपल्याला तास. दुसरं पाणी कोयनेचं, त्याबद्दल अलोरे-पोफळीकडचे कोणी असतील तर त्यांनीच लिहावं. आणि तिसरं पाणी खालून येतं, समुद्राचं. चिपळूण समुद्रापासून चाळीस किलोमीटर आत आहे पण गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत भरती येते, हे बाहेरच्या लोकांना सांगितलं तर पटत नाही.

माझा आजोबा मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीवर, तांडेल होता, होडी चालवणारा. गोवळकोट ते दाभोळ. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं पण तिथी होती. तिथीची पाऊणपट केली की किनाऱ्यावरच्या भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला सहा. वर गोवळकोटला ती उशिरा पोचते, तो हिशोब त्याच्या डोक्यात. भरती भरली की मचवा सोडायचा आणि सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, खाली, येताना भरतीबरोबर वर. वारा असेल तर शीड, नसेल तर वल्ही, पण मुख्य गडी म्हणजे पाणी.

आता हे का सांगतोय. २१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती, आदल्या दिवशी आषाढी एकादशी. म्हणजे २२ ला त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाची भरती. वरून रात्रभर पाऊस आणि सकाळी खालून उधाण. पाण्याला जायला वाटच नाही. माझी आज्जी म्हणायची, "भरतीचा पानी नि पावसाचा पानी भेटला की घर सोडायचा." आज्जी शाळेत गेलेली नव्हती. आम्ही सगळे शिकलेले, त्या रात्री मोबाईलवर पावसाचे आकडे बघत बसलो होतो, एकाने सुद्धा तिथी मोजली नाही. हे मला आजपण खातं.

तर प्लीज आपापल्या टप्प्याबद्दल लिहा. वरपासून खालपर्यंत.

दसपटीवाली

दादा फार चांगला धागा. सुरुवात आमच्याकडनं व्हायला पाहिजे म्हणून मीच आधी लिहिते.

आमचं माहेर दसपटीत, तिवऱ्याच्या खालच्या अंगाला. दसपटी म्हणजे चिपळूण तालुक्याचा अगदी घाटाला टेकलेला भाग, दादरची रामवरदायिनी हे आमचं सगळ्यांचं दैवत, शिमग्याला मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात. आमच्याकडे नदीला कोणी वाशिष्ठी म्हणत नाही, नुसतं "नय" म्हणतात. आणि ती एक नाहीच मुळी, पऱ्येच पऱ्ये, म्हणजे ओढे. प्रत्येक वाडीचा आपला पऱ्या आणि त्याचा कोंड, म्हणजे डोह. उन्हाळ्यात बहुतेक आटतात, मग कोंडात जे पाणी उरतं त्यावर गुरं आणि बायांचं धुणं. मे महिन्यात आम्ही पात्रात झरे खणायचो, हातभर वाळू उकरली की थंड पाणी, आई वाटीने कळशी भरायची. कळशी भरायला अर्धा तास. आणि जुलैत त्याच जागी उभं राहवत नाही एवढा आवाज, घरात बोललेलं ऐकू येत नाही.

शेती म्हणाल तर खाली नदीकाठी भाताचे मळे आणि वर डोंगरउतारावर नाचणी-वरी. राब भाजायचा, तरवा काढायचा, लावणी. आता वरकस, म्हणजे उतारावरची जमीन जवळजवळ सगळी पडीक. लाकूडतोड फार झाली, ट्रकच्या ट्रक जातात. डोंगर उघडा पडला की माती कुठे जाणार, तुमच्याकडेच येणार ना. चिपळूणच्या गाळाबद्दल सगळे बोलतात पण तो गाळ म्हणजे आमची जमीन आहे हे कोणी म्हणत नाही.

आणि एक लिहायलाच हवं. २ जुलै २०१९ ला रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं आणि भेंदवाडी गेली. वीसच्या वर माणसं. माझ्या ओळखीतली होती. त्या रात्री जेवणं होऊन माणसं झोपायच्या तयारीत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा घरांच्या जागी नुसते गोटे होते, मोठमोठे, धुतल्यासारखे पांढरे. एका ठिकाणी फक्त जोतं राहिलेलं, त्यावर तुळशीवृंदावन. त्याच्यापुढे मला लिहिता येत नाही. पण नदीचा धागा काढलात तर ते गाव त्यात असलं पाहिजे.

पेठमापकर

ताई, बरं केलंत लिहिलंत. आणि गाळ म्हणजे तुमची जमीन हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अलोरे_क्वार्टर

कोयनेचं पाणी मी सांगतो, माझा जन्मच प्रकल्पाच्या वसाहतीतला, वडील पोफळीला कामाला.

कोयना नदी सह्याद्रीच्या पलीकडची. महाबळेश्वरला उगम, तिथनं दक्षिणेला, मग कराडला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात. तिला हेळवाकजवळ अडवलं, धरण १९६४ मध्ये पुरं झालं, १०३ मीटर उंच, मागे शिवाजीसागर. ते पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणायचं आणि पोफळीला जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली सोडायचं, त्या जोरावर टर्बाईन फिरतात. वीजघर जमिनीखाली आहे, लहानपणी वडील एकदा आत घेऊन गेले होते, बसमधून बोगद्यात शिरलो, बाहेर मे महिना आणि आत दमट गारवा, आणि पायाखालची जमीन सतत थरथरते, थांबतच नाही. मी वडिलांचा हात सोडला नव्हता.

पोफळीहून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणात अडवतात आणि तिथनं परत अलोऱ्याच्या वीजघरात वापरतात, तिसरा टप्पा. चौथा टप्पा १००० मेगावॅटचा. सगळं धरून १९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ ला लेक टॅपिंग केलं, म्हणजे भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडलं, आशियात पहिल्यांदा. दुसरं २०१२ ला. त्या दिवशी वसाहतीत दिवाळीसारखं वातावरण होतं.

वीज करून जे पाणी उरतं त्याला आमच्याकडे "अवजल" म्हणतात. कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायला परवानगी दिलेली आहे. ते सगळं अवजल वाशिष्ठीत येतं आणि दाभोळला समुद्रात जातं. म्हणून कोकणातल्या बाकी नद्या मार्चमध्ये आटतात आणि आमच्या खालची वाशिष्ठी मे महिन्यात वाहते. हाताला लागलं तर कळतं, अवजल थंड असतं. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की मशीन चालू होतात आणि पात्रात पाणी चढतं, मशीन बंद झाल्या की उतरतं. पोहायला गेलेल्या पोरांना हे माहिती नसतं, दरवर्षी कोणीतरी सापडतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना कृपा करून सांगत जा.

१९६७ चा भूकंप माझ्या जन्माच्या आधीचा पण आमच्या घरात तो कालच झाल्यासारखा सांगायचे. ११ डिसेंबर, पहाटे चारनंतर. कोयनानगरमध्ये माणसं झोपेतच गेली. आईला शेवटपर्यंत पत्र्यावर मांजराने उडी मारली तरी दचकून जाग यायची.

आता वसाहत ओस पडत चाललीय. शाळा, क्लब, मैदान, सगळं होतं. चाळीचाळीतून झाडं उगवलीत.

चाकरमानी_डोंबिवली

वाचतोय. डोळ्यात पाणी आलं. मी शिवनदीच्या काठावरचा, नाईक पुलाजवळ. आमच्या लहानपणी शिवनदीत पोहायचो, सांगितलं तर माझी मुलं हसतात. एक विचारायचं होतं, गाळ काढला त्याचा फरक पडला का? गावी येतो तेव्हा नुसते ढीग दिसतात.

पेठमापकर

पडला. २०२१ नंतर लोक उपोषणाला बसले, साखळी उपोषण, त्यात व्यापारी होते, रिटायर्ड मास्तर होते, बायका होत्या. त्यानंतर वाशिष्ठीत आणि शिवनदीत मशीन उतरल्या. शासनाच्या होत्या, नाम फाउंडेशनच्या पण होत्या. पात्रात बेटं झाली होती, त्यावर झाडं वाढलेली, गुरं चरायची, नवीन माणसाला तो काठच वाटला असता. ती काढली. त्यानंतर मोठे पाऊस झाले तेव्हा पाणी वाढलं पण पटकन उतरलं सुद्धा, हे मी घरात बसून बघितलंय. पण दसपटीवाली ताई म्हणतात ते खरं आहे, वर डोंगर उघडा आहे तोवर दरवर्षी परत भरणार.

आणि ढीग नदीकाठीच ठेवले तर पहिल्या पावसात परत आत जातात, हे मी तीन वेळा सांगून आलोय, ऐकून घेतात, चहा देतात.

घाटमाथा_कराड

मी घाटावरचा, चालेल ना? आमचं गाव कराडजवळ, पण कुंभार्ली घाटाने आमच्या आजोबांचं निम्मं आयुष्य चिपळूणला गेलं. त्यांचे वडील बैल घेऊन उतरायचे. वरून गूळ, मिरची, कडधान्य आणि खालून मीठ, सुकी मासळी, नारळ. गोवळकोटच्या बंदरात माल उतरायचा आणि घाटाने आमच्याकडे यायचा, मुंबईचा कापड-लोखंडाचा माल सुद्धा. आमच्या आज्जीला सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी, कसे शिजवायचे ते माहिती होतं, कराडच्या बाईला, विचार करा.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ते अवजल तुम्ही आणि आम्ही दोघं वाया घालवतोय. आमच्याकडे पूर्वेला माण-खटावात लोक टँकरची वाट बघतात आणि कोयनेचं पाणी डोंगर फोडून तुमच्याकडे येऊन समुद्रात जातं. वीज हवी हे मान्य. पण हे बघून जीव तुटतो.

अलोरे_क्वार्टर

@घाटमाथा राग कशाचा. पण एक लक्षात घ्या, ते पाणी आमच्याकडे सुद्धा कुणाच्या शेतात जात नाही. नदी आमच्या दारातून वाहते आणि वरच्या अंगाच्या वाड्या एप्रिलपासून टँकरवर. मुंबईला न्यायचं, इकडे न्यायचं, तिकडे न्यायचं, सगळं मी लहानपणापासून ऐकतोय. जीव आमचा पण तुटतो.

दसपटीवाली

अगदी. माझ्या माहेरच्या वाडीत टँकर येतो. खाली बारा महिने पाणी वाहताना दिसतं.

घाटमाथा_कराड

हे मला माहिती नव्हतं. मला वाटायचं कोकणात पाण्याची काय कमी.

भोयाची_लेक

आता खाडीचं मी लिहिते. आम्ही भोई, आमचं घर गोवळकोटच्या खाली खाडीकाठाला.

बाबा पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचा. पहाटे होडीत उभा राहून पाग खांद्यावर घ्यायचा, कडेची एक गाठ दातात धरायचा आणि पूर्ण अंग फिरवून फेकायचा, पाण्यावर पडताना त्याचं असं गोल ताट व्हायचं आणि कडेच्या शिशाच्या गोळ्यांचा सर्रकन आवाज. तो आवाज ऐकून आई सांगायची नीट पडला का नाही. बोय, काळुंदर, शिंगटी, खरबी, कोळंबी, चिंबोऱ्या. सुकतीला आम्ही पोरी आणि बायका चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला. डोळ्यांनी दिसत नाहीत त्या, पायाच्या बोटांनी चाचपायच्या, टणक लागलं की वाकायचं. दोन तासांत पाटी भरायची. भरती फिरली की पाणी आधी पायाच्या घोट्याला गार लागतं, तेव्हा निघायचं, थांबायचं नाही, चिखलात धावता येत नाही.

मी नववीत असताना पहिल्यांदा बघितलं, पाण्यावर फेस आणि बोय उलटी होऊन पांढरी पोटं वर. अख्खा काठ भरलेला. वरच्या केमिकल कारखान्यांतून सोडलेलं पाणी. त्यानंतर किती वेळा झालं त्याला गणती नाही. मोर्चे काढले, नमुने दिले, बाटलीत भरून. साहेब लोक येईपर्यंत भरती येऊन सगळं धुवून न्यायची आणि नमुना स्वच्छ यायचा. आता तिसऱ्या मिळतात त्या बोटाच्या पेरापेक्षा लहान. माझा भाऊ कंपनीत कंत्राटी लागलाय, ज्या बाजूनं ते पाणी येतं त्याच बाजूला. घरात ह्यावर कोणी बोलत नाही.

वाळूचं पण सांगते. आधी हातपाटीवाले होते, बांबू रोवून होडी उभी करायची आणि बुडी मारून पाटीने वाळू वर आणायची. कष्टाचं काम, कानातून रक्त यायचं माणसांच्या. पण त्यात नदी मोडत नव्हती. पंप आले आणि एका रात्रीत तळ खरवडायला लागले. काठ आतून पोकळ झाले, आमच्या शेजाऱ्यांची नारळाची पाच झाडं एका पावसात उभीच्या उभी आत गेली.

सुसरी मात्र वाढल्यात. तुम्ही मगर म्हणता. मालदोलीकडे पर्यटक बघायला येतात, होडीतून फिरवतात, त्यात थोडा पैसा आहे. हिवाळ्यात सुकतीला चिखलावर उन्हात पडलेल्या असतात, तोंड उघडं टाकून. २०२४ च्या पावसात एक चिपळुणात रस्त्यावर चालताना सापडली तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. लोक घाबरले. आम्हाला त्यांची भीती वाटत नाही, त्या कुठे बसतात ते माहिती असतं. बाबा म्हणायचा सुसर आहे म्हणजे मासा आहे.

पेठमापकर

तिसऱ्यांचं वाचून माझी आई आठवली, मंगळवारी गोवळकोटची बाई पाटी घेऊन यायची, आई परातीत ओतून पाण्यात ठेवायची, रात्री उघडून जीभ बाहेर काढायच्या. बहुतेक तुमच्याच घरातलं कोणी असणार.

बखरवेडा

इतिहास थोडा टाकतो, नाहीतर खाडी अर्धीच राहील. ज्या खाडीत आज फेरीबोट चालते तिच्या तोंडावरचं दाभोळ हे बहामनी आणि नंतर आदिलशाहीचं मोठं बंदर. मक्केला जाणारी जहाजं इथनं सुटायची, अरबस्तानातून घोडे उतरायचे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात फिरला, तो चौलला उतरला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला, वास्को द गामाच्या कितीतरी आधी. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज अल्मेदाने दाभोळ जाळलं. इतकं जाळलं की पुढे ह्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या नावाचा धाकच पडला. तरी बंदर परत उभं राहिलं. तिथली आदिलशाहीच्या काळातली शाही मशीद, अंडा मशीद म्हणतात ती, आजही आहे, घुमट लांबून दिसतो. माझ्या मते अख्ख्या कोकणात तिच्यासारखी दुसरी इमारत नाही आणि आपल्याकडच्या शंभरातल्या नव्वद लोकांनी ती बघितलेली नाही.

खाडीला दोन कुलपं होती असं समजा. तोंडावर अंजनवेलचा किल्ला आणि आत गोवळकोट. दोन्ही ज्याच्या हातात त्याच्या हातात खोरं. जंजिऱ्याच्या सिद्दीकडे बरीच वर्षं होते. १७२७ मध्ये सिद्दी सातने, म्हणजे जंजिऱ्याच्या इथल्या अंमलदाराने, परशुरामाचं देऊळ लुटलं, तिथले ब्रह्मेंद्रस्वामी उठून धावडशीला गेले आणि पुढे पेशव्यांच्या मागे लागून सिद्दीवर मोहिमा काढायला लावल्या. सिद्दी सात १७३६ मध्ये चिमाजी आप्पांशी लढताना पडला. पण किल्ले घेतले ते तुळाजी आंग्र्यांनी, १७४५ ला. अंजनवेलचा गोपाळगड आणि गोवळकोटचा गोविंदगड ही नावं तेव्हाची. गोविंदगडावर चढा एकदा, पायथ्याला करंजेश्वरीचं देऊळ आहे तिथून वाट जाते. वरून वाशिष्ठीचं वळण, बेटं आणि मागे सह्याद्रीची भिंत, सगळं एका नजरेत येतं. तिथं उभं राहिलं की किल्ला इथेच का बांधला ते विचारावं लागत नाही.

आगबोटीचा काळ मी बघितला नाही, वडिलांनी बघितला. मुंबईहून बोट दाभोळला, तिथनं लाँचने आत. रस्ते झाले, मग १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि नदीचं बंदरपण संपलं. माणसं नदीकडे पाठ करून बसायला लागली ती तेव्हापासून. घरांची तोंडं बघा, जुन्या घरांना नदीकडे ओटा आणि पायऱ्या, नव्यांना नदीकडे संडासचा पाईप.

ग्रंथवेडी

@बखरवेडा शेवटचं वाक्य अगदी खरं. पुरानंतर मी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पुस्तकं वाळवायला जात होते. १८६४ ची संस्था, २००५ ला भिजली, उभी राहिली, २०१३ ला साहित्य संमेलन झालं गावात, आणि २०२१ ला परत. भिजलेलं पुस्तक फुगून विटेएवढं जड होतं, पानं उघडायला गेलं की लगदा हातात येतो. आम्ही पानांमध्ये रद्दीचे कागद घालून पंख्याखाली ठेवायचो. काही वाचली. त्यांना हात लावला की अजून नखात बारीक माती येते.

नवीन_बांधकाम

माझं मत वेगळं आहे. पुराची निळी रेषा लाल रेषा आखून अर्धं गाव अडकवून ठेवलंय. माझा वडिलोपार्जित प्लॉट, कर्ज मिळत नाही, परवानगी मिळत नाही. नदीवर प्रेम सगळ्यांचं आहे पण आम्ही जायचं कुठे?

पेठमापकर

तुमची अडचण खरी आहे, माझं घर पण त्याच रेषेत आहे. पण माझ्या भिंतीवर जी रेषा आहे ती कुठल्या ऑफिसने आखलेली नाही. मी वरचा मजला चढवला, खाली आता फक्त गाडी आणि जळाऊ लाकडं. जुनी माणसं माळा मोठा ठेवायची आणि पावसाळ्यात तांदळाची कणगी वर चढवायची. जमेल तसं तसं करायचं. तुमच्या कर्जाला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच नाही.

वेलदूरची

एवढं सगळं खाली येतं ते आमच्याकडे, म्हणून शेवटचा टप्पा माझा. वेलदूर, खाडीच्या तोंडावर, समोर दाभोळ.

पूर आला की आम्हाला तिसऱ्याच दिवशी कळतं कुठे काय झालं ते. २०२१ ला खाडीतून फ्रीज आले, सिलेंडर, दुकानांच्या पाट्या, लाकडी देव्हारे. पाणी चहासारखं, समुद्रात कुठवर लाल ते दिसायचं. माझ्या सासऱ्यांनी एक देव्हारा होडीने ओढून आणला, त्यात देव नव्हते, फक्त पितळी घंटा अडकलेली. ती आमच्या देवघरात आहे. कोणाची असेल तर घेऊन जा, मी मनापासून सांगते.

बाकी आमच्याकडचा वीजप्रकल्प सगळ्या देशाला माहिती, २००१ ला बंद पडला, पुढे दुसऱ्या नावाने चालू झाला, लोक अजून एन्रॉनच म्हणतात. त्याच्यावर खूप लिहून झालंय. मला फेरीबोट जास्त महत्त्वाची. ती नव्हती तेव्हा धोपाव्याहून दाभोळला जायचं तर तरीवर, म्हणजे उतारूंच्या होडीत, बसायचं नाहीतर चिपळूणवरून अख्खा वळसा. माझ्या आईला बाळंतपणाला तरीने नेली होती, उधाणात.

आणि तोंडावर वाळूचा दांडा दरवर्षी जागा बदलतो. नवखा तांडेल तिथे होडी लावतो. आमच्याकडचे म्हातारे गणपतीनंतर आधी रिकामी होडी घेऊन जाऊन बांबूने खोली चाचपतात, मग बाकीच्या सोडतात.

पेठमापकर

वेलदूरच्या ताई, घंटेची लोळी आतल्या बाजूने तारेने बांधलेली आहे का? आमच्या समोरच्या घरातल्या काकूंचा देव्हारा गेलाय, त्या रोज घंटेचं नाव काढतात. लोळी तुटली होती म्हणून काकांनी तार लावली होती.

वेलदूरची

आहे. तांब्याची तार आहे.

पेठमापकर

काकूंना आत्ताच जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्याच नाहीत, नुसत्या खाली बसल्या. मग म्हणाल्या मी स्वतः येणार. ८१ वय आहे, गुडघे दुखतात, तरी गाडीने नको म्हणतात, होडीनेच. लहानपणी बापाबरोबर गेल्यात म्हणे दाभोळला, त्यानंतर नाही.

@भोयाची_लेक तुमच्याकडे मशीनची होडी मिळेल का? छत असेल तर बरं.

भोयाची_लेक

भावाची आहे. छत बांधून घेतो म्हणाला. रविवारी त्याला सुट्टी असते. पैशाचं बोलू नका, डिझेल घाला फक्त. येत्या रविवारी तिथी काय आहे?

पेठमापकर

दशमी. दहा पाऊणे साडेसात, किनाऱ्याला. गोवळकोटला त्याच्यानंतर. म्हणजे नऊपर्यंत सगळ्यांनी धक्क्यावर यायचं, भरती भरली की सोडू आणि सुकतीबरोबर खाली. परतीला संध्याकाळची भरती मिळेल, पण उशीर होईल, बॅटऱ्या आणा. काकू, मी, अलोरेवाले येतो म्हणालेत. दसपटीच्या ताई, कराडचे दादा, जमत असेल तर शनिवारी रात्री आमच्याकडे मुक्कामाला या, वरच्या मजल्यावर जागा आहे.

घाटमाथा_कराड

येतो. गूळ घेऊन येतो.